गिळणी

"थंय नुसता थंड पाणी आसा," धाकूतात्या म्हणाला. "बाकी कायएक नाय."

असं म्हणून त्याने नकाशावरचं माझं बोट चिमटीत धरलं आणि भातातला खडा काढावा तसं उचलून बार्जवर नेऊन ठेवलं. मला हसू आलं. तात्याची ही जुनी खोड होती. तोंडाने दोन शब्दांत सांगता येईल ते तो हाताने करायचा, आणि वर स्वतःच वैतागायचा.

"हंय बघ. बार्ज. उथळ, सोपी. तुज्या पुण्याच्या मंडळींका फोटो काढूक बरी."

"त्यांका फोटो नको, तात्या. त्यांका थंडी होयी."

"थंडी होयी तर पुण्यात कमी आसा?"

नीलू हसला नाही. तो नकाशाच्या पलीकडे बसून तात्याच्या तोंडाकडे बघत होता.

ही पाटबंदरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीतली गोष्ट. नीलू तिला ऑफिस म्हणायचा. दारात वाळत घातलेले रबरी सूट, कोपऱ्यात हवेचे सिलिंडर आणि भिंतीवर मासळीच्या दुकानाचं कॅलेंडर, एवढाच तिचा थाट. मी अंदमानात बरीच वर्षं पर्यटकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवून गावी परत आले होते. नीलू, म्हणजे निळकंठ मेस्त, माझा मामेभाऊ. दोघांनी मिळून धंदा सुरू केला. खाली आम्ही दोघं आणि वर होडी घेऊन धाकूतात्या, अशी आमची वाटणी. पाण्याखालच्या माणसाचा जीव वरच्याच्या हातात असतो, आणि धाकू सारंगापेक्षा भरवशाचे हात आख्ख्या बंदरात नव्हते. असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे.

त्या वर्षी पुण्याचा एक गट दिवाळीत येणार होता. त्यांना पुढे परदेशातल्या कुठल्याशा गारठलेल्या समुद्रात बुडालेली जहाजं बघायला जायचं होतं. त्याआधी घराजवळ सराव हवा होता: थंड पाणी, आणि तळाशी एखादं जहाज. कोकणात थंड पाणी म्हटलं की लोक फ्रिज उघडतात. पण पावसाळा सरता सरता आमच्या समुद्राच्या तळातलं गार पाणी वर चढतं. वरून हात घातला तर कोमट लागतं, आणि पाच-सात वाव खाली गेलं की अंगावर कुणी बर्फाची लादी टेकवल्यासारखं होतं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं माप. आमच्याकडे समुद्र अजून असाच मोजतात.

जागा निवडायची तर तीन होत्या. पहिली इंग्रजांच्या वेळची आगबोट. नाव मोठं, पण नुसत्या फासळ्या उरलेल्या, आणि तिथली लाट अशी की माणूस किसणीवरच्या खोबऱ्यासारखा घासून निघावा. दुसरी खनिज नेणारी बार्ज. ती निम्मी चिखलात रुतलेली, आणि थंड पाणी तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. तिसरी गिळणी.

गिळणीच्या तळाशी काय आहे ते कुणीही पाहिलेलं नव्हतं. टाकलेलं जाळं तिथे अडकायचं आणि परत यायचं नाही, म्हणून हे नाव. बुडालेलं जहाज शोधायची आमची रीत हीच. जिथे जाळी फाटतात तिथे खाली काहीतरी आहे असं समजायचं. बाबल धुरी म्हणून एक मच्छीमार आहे, त्याने तिथे नवं कोरं जाळं घालवलं आणि शिव्या हासडत जीपीएसवर जागेची खूण करून ठेवली. ती खूण त्याने नीलूला दिली होती.

"खडाप आसतला," तात्या म्हणाला. "पाण्यातलो खडक बघूक पुण्यासून माणसां हाडतलास?"

"खडाप आसलो तर परत येव," नीलू म्हणाला. "एकदा बघूया."

"माजी होडी थंय जावची नाय."

"मगे बाबलची घेतंव."

तात्याने नीलूकडे पाहिलं. बाहेर वाळूवर कावळे भांडत होते. मग त्याने नकाशाची कड हाताने सपाट केली. ती आधीच सपाट होती.

"बाबलची नको," तो म्हणाला. "मी न्हेतंय."

धाकूतात्या एकेकाळी मोठ्या ट्रॉलरवर तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बाकीचे उठतात-बसतात. बोटीचं नाव 'सातेरीकृपा'. तिच्यावर चार माणसं होती, आणि त्यांतला एक माझा आतूमामा, नीलूचा बाप. नऊ वर्षांपूर्वी अवेळी उठलेल्या वादळात ती बोट बुडाली. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. धाकूतात्या रिकाम्या डिझेलच्या कॅनला मिठी मारून दुसऱ्या दिवशी जिवंत आला. आतूमामा मात्र सापडला नाही. पहिल्याच लाटेने आतूला उचलून नेलं, असं तात्याने सांगितलं. बोट कुठे बुडाली, तर लांब पश्चिमेला, जिथे पाण्याला थांग नाही. सरकारी बोटीनेही तिथेच शोधलं.

त्यानंतर तात्या ट्रॉलरवर चढला नाही. छोटी होडी घेतली. नीलूला पोहायला, होडी हाकायला, वारा ओळखायला त्यानेच शिकवलं. नीलूच्या शाळेच्या पालकसभेलाही तोच जायचा, लुंगीवर शर्ट घालून, आणि मास्तरांपुढे असा उभा राहायचा की जणू मार्क त्याचेच कमी पडलेत. गाव म्हणायचं, देवाने एक बाप नेला आणि दुसरा पोहत पाठवला.

आणि आतूमामाची बायको, इंदुमामी, अजून कुंकू लावत होती. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा गवताचा पुतळा करून जाळतात आणि पुढची क्रिया उरकतात. भटजींनी दोनदा सुचवलं, भावकीने दहादा. मामीचं उत्तर ठरलेलं होतं.

"माणूस बघल्याबिगर गवात कित्याक जाळू?"

कुणा परक्या जहाजाने उचलून नेला असेल, कुठे तुरुंगात असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. मामीकडे अशी पुष्कळ कारणं होती आणि ती दरवर्षी त्यांत भर घालायची. आम्ही मान डोलवत असू. कुणाच्या आशेशी कसं भांडणार?

दुसऱ्या दिवशी बंदरावर बाबल धुरी जाळी विणत बसला होता. मी सहज विचारलं, गिळणीत पहिलं जाळं कुणाचं गेलं?

"पयली ती नव्हतीच गो," तो म्हणाला. "माजो बापूस थंय खुशाल जाळी मारी. आता काय, आठ-नव वर्सां झाली आसतली."

मी "बरं" म्हटलं आणि चालत सुटले. खडक काही नऊ वर्षांपूर्वी उगवत नाहीत.

तात्या होडीच्या बुडाला लागलेले शिंपले खरवडत होता. मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले.

"तात्या, गिळणी कदीपासून आसा?"

"माका काय ठावक."

"तू हंयच जलामलंस. तुका ठावक नाय?"

त्याचा हात थांबला होता. खरवडायचं पातं हातातच राहिलं, आणि तो ते धरून बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेडवा, समुद्रात सगळा बघूचा नसता. काय काय झाकलेलाच बरा."

हे तो नेहमीच्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाला असता तर मी विसरून गेले असते. पण आवाज मऊ होता. त्या मऊ आवाजाची मला भीती वाटली.

दुपारी मामीकडे जेवायला गेले. मामीने बांगड्याचं तिखलं वाढलं, अजून थोडा भात घे म्हणून हट्ट केला, आणि हात धुवायला परसात गेली. तेवढ्यात मी नीलूला म्हटलं, "गिळणी नको. बार्जच घेऊया. तात्याचा वय झाला, उगाच तेका..."

"ताई," नीलू म्हणाला, "माका गणित येता."

मी बांगड्याचा काटा काढू लागले.

"बाबलान माका पण सांगला," तो म्हणाला. "पुण्याची माणसां गेली खड्ड्यात. माका बाबांची बोट बघूची आसा."

"ती लांब बुडाली. तात्यान स्वतः सांगलेला."

"होय. म्हणानच बघूची आसा."

मामी पदराला हात पुसत आत आली. आम्ही दोघं एकदम बांगड्यावर तुटून पडलो. नीलूने हळूच मला खुणावलं: आईला सांगायचं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय? एक शंका, आणि एका म्हाताऱ्याचा थांबलेला हात.

गेलो त्या सकाळी समुद्र तेलासारखा पडला होता. वारा नाही, लाट नाही. असा दिवस डायव्हिंगला मिळाला की मी एरवी गाणं म्हणत सामान भरते. त्या दिवशी मी नुसते सिलिंडर मोजत होते. नव्या जागी जाताना तात्या नारळ फोडायचा, पाणी समुद्राला द्यायचा आणि खोबरं आम्हाला. त्या दिवशी त्याने नारळ काढला, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, आणि न फोडता आख्खाच पाण्यात सोडला. तो डुगडुगत मागे राहिला. नीलूने माझ्याकडे पाहिलं. मी सिलिंडरचा पट्टा आवळण्यात गुंतल्याचं सोंग केलं.

बाबलच्या खुणेवर पोचलो तेव्हा तात्याने जीपीएसकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आधीच इंजिन बंद केलं होतं.

वजन बांधलेली दोरी आम्ही खाली सोडली. तिचं वरचं टोक होडीला बांधलेलं. त्याच दोरीला धरून उतरायचं, तीच धरून वर यायचं. मी पाठमोरी होऊन पाण्यात पडायच्या बेतात असताना तात्या म्हणाला, "नीलू."

"काय?"

"सुरी घेतलंस?"

"घेतलंय."

"बरा केलंस. थंय जाळी आसत."

वरचं पाणी कोमट आणि हिरवट होतं, हातभर पलीकडचं दिसेना. दोरी मुठीत सरकवत आम्ही उतरत गेलो. मग थंडी आली. ती हळूहळू येत नाही. पायांना आधी कळतं, मग कमरेला, आणि मानेतून सूटमध्ये शिरली की श्वास दातांत अडकतो. त्या गार थरात पाणी एकाएकी स्वच्छ झालं. आणि मी खाली पाहिलं.

आधी मला वाटलं टेकडी आहे. ती जाळी होती. निळी, हिरवी, पांढरी, एकावर एक, वर्षानुवर्षांची. मधूनच एखादा मासा त्यांत अडकून धडपडत होता. त्या जाळ्यांच्या ढिगाखाली एका कुशीवर कललेली बोट होती. फायबर चढवलेली, म्हणून शाबूत. मी दोरीचं टोक जाळ्यांपासून दूर, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कड्याला बांधलं, कारण अशा ठिकाणी परतीची वाट हरवली की माणूस तिथेच राहतो.

नीलू नाळेपाशी गुडघ्यांवर बसला होता. हातमोज्याने तो शेवाळ घासत होता. फायबरमध्ये उठवलेली अक्षरं एकेक करून वर आली. सा. ते. पुढचं वाचायची गरज नव्हती. त्याने ती हाताने चाचपली, आंधळा माणूस ओळखीच्याचा चेहरा चाचपतो तशी.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगठा वर केला: चल, वर जाऊ. पाहायचं ते पाहून झालं होतं. बोट इथे होती, किनाऱ्यावरून दिवा दिसेल इतक्या जवळ. तात्या खोटं बोलला होता. आता वर जाऊन त्याला विचारायचं, एवढंच उरलं होतं. पण नीलूने माझा हात बाजूला केला आणि तो जाळ्यांवरून डेकच्या मध्यावर गेला.

डेकच्या मध्यावर मासे ठेवायचा खण असतो. खाली बर्फ आणि मासळी, वर जाड फायबरचं झाकण, एका माणसाला कष्टाने उचलता येईल असं. समुद्र खवळला की पाणी खणात शिरू नये म्हणून ते झाकण दोरीने आडवंतिडवं आवळून बांधायचं, ही सगळ्या तांडेलांची रीत. हाताला इतकी सवय असते की डोक्याला विचारावं लागत नाही. नायलॉनची दोरी समुद्रात कुजत नाही. ती तिथे होती, शिंपल्यांनी मढलेली, आणि तशीच घट्ट.

नीलू त्या गाठीकडे बघत राहिला. मग त्याने सुरी काढली.

तो दोरी कापत असताना माझ्या डोक्यावरून काहीतरी हळू उतरलं. मी दचकून टॉर्च वर केला. आमची दोरी होती. वेटोळं वेटोळं करत, सावकाश, ती वरून खाली येत होती. तिचं मोकळं टोक माझ्या पायाशी येऊन पडलं. ते तुटलेलं नव्हतं. कुणीतरी गाठ सोडली होती.

पाण्याखाली आवाज सगळीकडून येतो. इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला चारी बाजूंनी आला, आणि चारी बाजूंनी लांब जाऊ लागला.

मी घाबरले. लाज कसली त्यात? किनारा पोहून गाठण्याच्या पलीकडे होता, हवा संपत चालली होती, आणि आमच्या वरचा भरवशाचा माणूस निघून चालला होता. मी नीलूचा दंड धरून ओढला. त्याने ऐकलं असणारच तेही, पण मान वर केली नाही. दोन्ही हातांनी झाकण उचललं. आतून काळं, जुनं पाणी बाहेर आलं, आणि ते निवल्यावर मी टॉर्च धरला.

खणात मला एक गमबूट दिसला, त्याच्याजवळ दुसरा. बर्फ फोडायचा सुळा दिसला. बाकी जे दिसलं ते मी लिहिणार नाही. नीलूने झाकण उलटं करून डेकवर टेकवलं होतं, म्हणून त्याच्या आतल्या बाजूवर माझा उजेड पडला. ती बाजू सुळ्याने टोचून टोचून चाळण झाली होती. एका कोपऱ्यात तर बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

वर येताना दोरी नव्हती. नीलूच्या पट्ट्याला धरून मी त्याला वर आणलं. गार पाणी सरून कोमट लागलं तिथे नियमाप्रमाणे थांबलो, शरीरातली हवा निवळेपर्यंत. त्या हिरव्या अंधारात आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून लोंबकळत होतो, आणि इंजिनाचा आवाज डासाएवढा बारीक झाला होता. नीलूचे डोळे मास्कच्या काचेमागे उघडे होते. ते कशाकडेच बघत नव्हते.

डोकं पाण्याबाहेर काढलं तेव्हा होडी किनाऱ्याच्या बाजूला दिसली, आमच्याकडे पाठ करून. तात्या उभा होता, ताठ, मागे न बघता. मी ओरडले नाही. इतक्या लांब ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी काय म्हणून ओरडायचं होतं?

मग होडी मंद झाली. बराच वेळ ती तिथल्या तिथे हलत राहिली. आणि वळली.

तो जवळ आला, इंजिन बंद केलं, हात देऊन आधी मला वर घेतलं, मग नीलूला. त्याचे हात नेहमीसारखेच भक्कम होते. सिलिंडर उतरवून नीलू होडीच्या फळीवर बसला. सुरी अजून त्याच्या मुठीत होती. तात्या त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर बसला. त्याने सुरीकडे पाहिलं आणि तो सरकला नाही.

"मी सोडून गेल्लंय तुमका," तो म्हणाला.

"बघितला," मी म्हटलं.

"मगे परत इलंय."

होडीच्या बुडाला पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"आतू बर्फ फोडूक खणात उतरलेलो," तात्या म्हणाला. तो नीलूशी बोलत होता, पण बघत होता पाण्याकडे. "माका म्हायत होता. माकाच सांगून उतरलो. मगे वारो फिरलो, पयली लाट इली, आणि मी झाकाण बांधलंय. हातांनी बांधला रे. लाट इली की झाकाण बांधूचा, तीस वर्सां ह्याच केलंय. बांधून पुढे गेलंय, आणि मगे आतसून ठोकलेला आयकाक इला."

"मगे?" नीलूने विचारलं.

"मगे मी गाठीक हात घातलंय. ह्या माका आठावता. गाठ वली होती, बोटां सरकत होती. त्येच्यापुढे दुसरी लाट. त्येच्यापुढे मी पाण्यात, कॅन धरून." तो थांबला. "गाठ सुटली काय नाय, ता माका आठवणा नाय. नव वर्सां आठवक बघतंय. म्हणान बोट लांब सांगलंय. कोणी जावन बघलाच नाय तर सुटली आसतली, असा म्हणता येता."

त्याने पहिल्यांदाच नीलूच्या डोळ्यांत पाहिलं. मी त्या दोघांकडे बघत होते, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं: नीलू, सुटली होती म्हणून सांग. तुझं काय जातंय? हा माणूस तुझ्या शाळेत येऊन उभा राहिला होता. आणि त्याच वेळी मनात हेही चाललं होतं की सांगू नको. कधीच सांगू नको.

"झिला," तात्या म्हणाला, "झाकाण उघडा होता?"

नीलूने सुरी म्यानात घातली. ती नीट बसेना, दोनदा चुकली.

"आता उघडा आसा, तात्या," तो म्हणाला.

तात्याने मान हलवली, कुणी वेळ विचारून सांगितल्यावर हलवतात तशी. मग उठून इंजिन सुरू केलं. किनारा येईपर्यंत तो आमच्याकडे वळला नाही, पण त्याच्या पाठीवरून मला सगळं दिसत होतं. नीलू समोर बसून रडत होता, आवाज न करता, आणि मी त्याच्याजवळ सरकून बसले.

पोलीस, पंचनामा, पाणबुडे हे सगळं पुढे रीतसर झालं. पुण्याची मंडळी आली तेव्हा त्यांना बार्ज दाखवली, आणि त्यांना ती फारच कोमट वाटली.

पण त्या दिवशी होडी वाळूला लागताच मी म्हटलं, मामीला मी सांगते. मला वाटलं होतं, बायकांचं बायकांनी सांगावं. तात्याने नुसता हात आडवा धरला. हातपाय धुतले, लुंगी झटकली आणि आमच्या पुढे चालू लागला. आम्ही ओल्या सूटमध्ये त्याच्या मागून.

मामी पडवीत पावसाळ्यात दमटलेली कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिघांना एका रांगेत येताना बघून ती उठली नाही. हात मात्र थांबले.

"भावजी, काय झाला?"

तात्या पडवीच्या खालीच उभा राहिला, पायरीवर पाय न ठेवता. त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सारवासारव केली नाही. बोट कुठे आहे, झाकण कुणी बांधलं, ठोकलेलं कुणी ऐकलं, आणि आज आम्हाला पाण्यात सोडून तो कसा निघाला होता, तेसुद्धा. मामी ऐकत होती आणि एकेक सोल उचलून दुसऱ्याशेजारी ठेवत होती. तो बोलायचा थांबला तरी ती ठेवतच होती. मग सूप रिकामं झालं.

"खोटा सांगलास तेचा नंतर बघीन," ती म्हणाली. "माका एक सांगा, भावजी. ते किती येळ ठोकी होते?"

नीलू पुढे व्हायला गेला, मी त्याला धरलं.

"तो अजून ठोकता, वयनी," धाकूतात्या म्हणाला.